पहिली ते पाचवीच्या वेळापत्रकात भाषा आणि गणिताखेरीज काय उरते?

निंबोणी

निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले आणि २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व साधे गणित करता यावे, असे उद्दिष्ट ठरले. या उद्दिष्टाबद्दल माझे दुमत नाही. मात्र ते गाठण्याच्या घाईत परिसर अभ्यास, चित्रकला, संगीत, कार्यानुभव आणि खेळ हे विषय प्राथमिक शाळेतून हळूहळू नाहीसे होत आहेत. कोणत्याही शासन निर्णयाने ते काढलेले नाहीत, त्यामुळे त्यावर चर्चाही होत नाही. भिंतीवरच्या वेळापत्रकात ते आजही आहेत. प्रत्यक्षात कार्यानुभवाच्या तासिकेला वाचनाचा सराव चालतो आणि परिसर अभ्यासाच्या तासिकेला पुढच्या चाचणीतील गणिते सोडवून घेतली जातात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि हे रोज पाहते.

वेळेचा हिशेब आधी मांडते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. मराठी, गणित आणि २००० पासून पहिलीपासूनच शिकवले जाणारे इंग्रजी यांना तीन तास दिले, तर बाकी सर्व जगासाठी एक तास उरतो आणि परिपाठ, नोंदी, माहिती भरणे हे सगळे त्याच तासातून निघते. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासन निर्णय निघाले आणि २९ जूनला ते रद्द झाले, तेव्हा महाराष्ट्रभर भाषेच्या अंगाने जोरदार वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. परंतु त्या भाषेसाठीचा वेळ कोणत्या विषयातून काढला जाणार होता, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला.

ज्याची चाचणी होते तेच शिकवले जाते, हे दुसरे कारण. पायाभूत आणि संकलित चाचण्या प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या तीनच विषयांच्या असतात. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दोन पेपरांत प्रथम भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी असते. यांपैकी एकाही ठिकाणी परिसर अभ्यास नाही, आणि शाळेचे नाव मात्र याच निकालांवरून ठरते.

माझे म्हणणे असे आहे की परिसर अभ्यास बाजूला ठेवून वाचन सुधारत नाही. अक्षरे आणि मात्रा जुळवता येऊ लागल्यावर पुढचे आकलन मुलाला त्या विषयाचे आधीचे ज्ञान किती आहे यावर अवलंबून असते. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या संशोधिकांनी १९८८ मध्ये बेसबॉलच्या सामन्यावरील एक उतारा मुलांना वाचायला दिला होता; ज्यांचे वाचन कच्चे पण खेळाची माहिती चांगली होती, त्यांना तो उतारा वाचनात तरबेज पण खेळाविषयी अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा अधिक चांगला समजला. आपल्याकडे चौथीतले मूल 'धरणाच्या सांडव्यातून विसर्ग वाढवला' हे वाक्य एका दमात वाचते. परंतु सांडवा कोठे असतो आणि विसर्ग वाढला की खालच्या गावात काय होते हे ठाऊक नसेल, तर त्या वाचनाचा काही उपयोग नाही. बालभारतीने तिसरीसाठी परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्ह्यानुसार वेगवेगळी काढली होती. आपल्या जिल्ह्यातील नद्या, पिके, किल्ले आणि वाटा मुलाला आधी कळाव्यात, ही कल्पना अत्यंत योग्य होती.

म्हणून प्रस्ताव असा: दिवसाच्या २४० मिनिटांपैकी ४० मिनिटे परिसर अभ्यासाला आणि ४० मिनिटे आलटून पालटून कला, कार्यानुभव व खेळाला द्यावीत, आणि त्या वेळात चाचणीचा सराव घेतला जाणार नाही असे केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत सर्व शिक्षकांनी ठरवून घ्यावे. तिन्ही मुख्य विषयांसाठी तरीही २ तास ४० मिनिटे राहतात. शनिवारी अशा उपक्रमांना वेळ देणारा शासनाचा 'आनंददायी शनिवार' हे याला उत्तर नव्हे, कारण त्यामुळे चित्र काढणे आणि बी पेरणे ही आठवड्यातून एकदा मिळणारी सूट ठरते.

बांधावरून

निंबोणीताई, आपली कळकळ समजते, परंतु आपला प्रस्ताव ज्या शाळेसाठी आहे ती शाळा मला ग्रामीण भागात क्वचितच दिसली. मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. पटसंख्या साठपर्यंत असेल तर कायद्याने दोनच शिक्षक मिळतात. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी असते. आपले २४० मिनिटे हे एका वर्गाचे नसून तीन वर्गांचे आहेत. तिसरीला प्रत्यक्ष शिकवले जाते तेव्हा चौथी आणि पाचवी स्वाध्याय करत बसलेल्या असतात. अशा ठिकाणी मुलाच्या वाट्याला शिक्षकाची जी ऐंशी-नव्वद मिनिटे येतात, त्यांत आठ विषय बसवायचे म्हणजे एकही नीट न शिकवणे होय. कायद्यातही कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सहावीपासून पुढे आणि पट शंभरावर असेल तरच आहेत. पाचवीपर्यंत हे सगळे त्याच दोन शिक्षकांनी करायचे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलांचे वाचन व गणित तपासणाऱ्या 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीत शिकणाऱ्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीत वाचता न येणारे मूल सहावीत केवळ मराठीत मागे पडत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान हे सगळेच त्याच्या हातून जातात. म्हणजे आपल्याला हवा असलेला विस्तार त्याला पुढे कधीच मिळत नाही. शहरातील नोकरदाराच्या मुलाला चित्रकलेचा वर्ग, पोहणे, सहली हे शाळेबाहेर मिळते. शेतमजुराच्या मुलाला शाळेबाहेर जे मिळत नाही ते वाचनच आहे, आणि शाळेचा प्रत्येक तास आधी त्यासाठी खर्च व्हावा, असे मी म्हणतो ते त्याच्या बाजूने म्हणतो.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले पाहा. दिवाळीच्या सुमारास आईवडील साखर कारखान्यांच्या भागात निघतात. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, तरी अनेक मुले सोबत जातात आणि हंगाम संपल्यावरच परततात. ज्या मुलाचे वर्षातले चार-पाच महिने पाचटात जातात, त्याला उरलेल्या दिवसांत काय द्यावे? मी निःसंकोचपणे सांगतो: वाचन, लेखन आणि हिशेब.

आपण दिलेल्या अमेरिकेतील प्रयोगातील मुले सातवी-आठवीची होती. त्यांना अक्षरे जुळवता येत होती. दुसरीत काना आणि मात्रा यांत गोंधळणाऱ्या मुलाला तो निष्कर्ष लावता येणार नाही.

काटकोन

पालक म्हणून माझा प्रश्न नेमका आहे. माझ्या मुलीच्या परिसर अभ्यासाच्या वहीत फळ्यावरून उतरवून घेतलेली प्रश्नोत्तरे आहेत आणि वर्गातील सर्व वह्यांत ती शब्दशः सारखी आहेत. राखीव ४० मिनिटांतही हेच होणार असेल, तर बांधावरून यांचे म्हणणे मला अधिक पटते. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्या वर्णनात्मक नोंदी प्रगतिपुस्तकात येतात, परंतु त्यांतून माझ्या मुलीला काय करता येते हे मला आजवर कळलेले नाही. वेळ मागण्याआधी त्या वेळात काय घडले हे पालकाला दिसेल, अशी काही व्यवस्था निंबोणी यांनी सांगावी.

खडूफळा

बांधावरून सरांनी दोन शिक्षकी शाळेचा मुद्दा विस्ताराच्या विरोधात मांडला आहे. मी मेळघाटात अशाच शाळेत शिकवतो आणि माझा अनुभव नेमका उलट सांगतो. भाषा आणि गणित हे विषय तीन इयत्तांना तीन पातळ्यांवर वेगवेगळे शिकवावे लागतात; परिसर अभ्यास मात्र सर्वांना एकत्र शिकवता येतो. 'आठवडी बाजार' हा एक विषय पंधरा दिवस चालतो. लहान मुले बाजारात पाहिलेल्या वस्तूंची चित्रे काढून त्यांना नावे देतात, तिसरीची मुले कोणता माल कोठून येतो याचा नकाशा करतात, पाचवीची मुले किलो आणि पावकिलोचे भाव लिहून आणतात आणि त्यावरून गणिते तयार करून एकमेकांना घालतात. तीन वर्गांचा शिक्षक म्हणून दिवसातला हाच वेळ मला सर्वांत कमी विभागून द्यावा लागतो.

आमच्याकडील बहुतेक मुले घरी कोरकू बोलतात. पहिलीत येताना त्यांच्याजवळ मराठी फारच थोडी असते. त्यांना बाराखडी घोटायला लावली तर ती घोटतात, आणि वर्षाच्या अखेरीस अर्थ न कळता मोठ्याने वाचूही लागतात. त्या वाचनाला चाचणीत गुण मिळतात. परंतु मूल तोंड उघडून बोलू लागते ते मोहफुले वेचण्याबद्दल, घरच्या शेळीबद्दल, नाल्याला आलेल्या पुराबद्दल विचारल्यावर, आणि आधी कोरकूत बोलते, मग हळूहळू मराठीत. हा बोलण्याचा तास वेळापत्रकात परिसर अभ्यासाच्या नावाने उभा आहे. तो काढला तर भाषेचाच पाया निघतो.

बांधावरून

खडूफळा सर, आपण जे करता ते उत्तम आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु अभ्यासक्रमाची आखणी राज्यातील सर्वसाधारण शिक्षकासाठी करावी लागते. बदली होऊन नुकताच आलेला, तेथील बोली न जाणणारा, निवडणुकीपासून सर्वेक्षणांपर्यंतची कामे अंगावर असलेला शिक्षक 'आठवडी बाजार' पंधरा दिवस चालवू शकेल का? १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची नई तालीम उभी राहिली आणि झाकीर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योगाभोवती सर्व विषय गुंफण्याची ती समवायाची पद्धत होती. सेवाग्रामसारख्या ठिकाणी, तयारीच्या शिक्षकांच्या हाती ती बहरली. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांत सर्वत्र नेली तेव्हा अनेक ठिकाणी सूत कातण्याची टकळी उरली आणि शिक्षण मागे पडले. भागाकार हा क्रमाने आणि रोज शिकवावा लागतो, बाजारात तो योगायोगाने भेटण्याची वाट पाहता येत नाही.

याउलट, मुलांची इयत्ता बाजूला ठेवून त्यांच्या वाचनाच्या पातळीनुसार गट करण्याची 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेची पद्धत साधी आहे आणि ती सरकारी शिक्षकांनी वापरून दाखवली आहे. हरियाणात २०१२-१३ मध्ये तिचा प्रयोग झाला आणि भाषेत सुधारणा मोजून सिद्ध झाली.

निंबोणी

हरियाणाचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले. तेथे गटवार अध्यापनासाठी दिवसातला एक तास राखून ठेवला होता आणि बाकीचा दिवस नेहमीप्रमाणे चालत होता. सुधारणा झाली ती मुले पातळीनुसार बसवल्यामुळे आणि तो तास खरोखर त्याच कामासाठी वापरल्यामुळे. परिसर अभ्यास बंद करण्याची गरज तेथे पडली नाही. ऊसतोड कामगारांच्या परतलेल्या मुलांसाठीही मी असाच गट मागेन. तो गट भाषेच्या वेळेत चालवता येतो. शिवाय ती मुले रिकाम्या हाताने परत येत नाहीत: त्यांनी दोन-तीन जिल्हे, कारखाने, बैलगाड्यांचे तळ पाहिलेले असतात. ज्या एका तासिकेत वर्गाने त्यांचे ऐकावे, ती तासिका आपण त्यांच्याच हितासाठी काढून घ्यायला निघालो आहोत, याचे मला वाईट वाटते.

इंग्लंडने हा मार्ग चालून पाहिला आहे. सप्टेंबर १९९८ पासून तेथे प्राथमिक शाळांत रोजचा साक्षरता तास सुरू झाला आणि त्याला जागा व्हावी म्हणून इतिहास, भूगोल, कला, संगीत अशा विषयांचा ठरलेला सविस्तर अभ्यासक्रम शिकवण्याचे बंधन दोन वर्षांसाठी शिथिल केले गेले. पुढे २०१९ च्या शाळा तपासणीच्या आराखड्यात संपूर्ण अभ्यासक्रमाच्या विस्ताराकडे पुन्हा लक्ष वेधावे लागले. त्याच देशात निरीक्षकांच्या १९७८ च्या पाहणीत, ज्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम विस्तृत होता तेथील मुलांचे वाचन व गणितही सरस आढळले होते.

काटकोन यांचा आक्षेप पूर्णपणे रास्त आहे. उतरवून घेतलेली उत्तरे हा परिसर अभ्यास नव्हे. माझ्या प्रस्तावात एक अट घालते: प्रत्येक सत्रात प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या किमान चार नोंदी असाव्यात आणि त्या पालकसभेत मुलानेच दाखवाव्यात. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा, गावच्या विहिरीच्या पाण्याची दर महिन्याला मोजलेली पातळी, आजीला विचारून लिहिलेली जुन्या पिकांची यादी, स्वतः लावलेल्या वालाच्या वेलाची उंची. दोन मुलांचे नकाशे शब्दशः सारखे असूच शकत नाहीत, त्यामुळे काय घडले आणि काय घडले नाही हे पालकाला लगेच दिसेल. विहिरीची पातळी नोंदवणाऱ्या मुलाला वजाबाकी आणि आलेखही करावे लागतात. भागाकार मात्र गणिताच्या तासाला क्रमानेच शिकवावा, यात माझा आणि आपला मतभेद नाही.

बांधावरून

१९७८ च्या पाहणीतून इतकेच कळते की चांगल्या शाळा दोन्ही गोष्टी चांगल्या करतात. विस्तारामुळे वाचन सुधारले, असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही नोंदींची अट मला मान्य आहे. तिसरी ते पाचवीसाठी आपली ४० मिनिटे परिसर अभ्यासाला राखून ठेवण्यास माझी हरकत नाही आणि केंद्राच्या परिषदेत तसे कोणी मांडले तर मी पाठिंबा देईन. पहिली-दुसरीबाबत मात्र मी बदललेलो नाही. त्या दोन वर्षांत खेळ आणि गाणी असावीत, बाकी सर्व वेळ भाषा आणि संख्यांचा असावा.

खडूफळा

सर, पहिली-दुसरीलाच तर आमच्या मुलांजवळ मराठी नसते. ती दोन वर्षे आपण केवळ अक्षरांना दिली, तर तिसरीत परिसर अभ्यास सुरू होईल तेव्हा मूल पुस्तक वाचेल आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी त्याच्याजवळ शब्द नसतील. पहिलीत पुस्तक नको, लेखी नोंदीही नकोत, हे मला मान्य आहे. परंतु मुलाने पाहिलेल्या गोष्टीवर त्याच्याशी बोलण्याची रोजची अर्धी तासिका मला पहिलीपासूनच हवी आहे, आणि या मुद्द्यावर मी परिषदेत आपल्या विरोधात मत देईन.