वर्षभर जिम केली, काटा जागचा हलेना

प्रश्न: वर्ष झालं नेमाने वेट ट्रेनिंग करतोय, पॅन्ट कमरेत ढिली झालीये, बेल्टला नवीन भोक पाडलं, पण वजन तेवढंच. घरचे म्हणतात पैसे पाण्यात. कोणाचं असं झालंय का?

उत्तर: अरे काटा माळ्यावर टाक आधी! चरबी गेली नि स्नायू आले की वजन तिथंच राहू शकतं, स्नायू जास्त दाट असतात. टेपने कंबर मोज आणि स्क्वॉटला (खांद्यावर वजन घेऊन उठाबशा) किती वजन वाढलं ते बघ, खरा हिशोब तो.

उत्तर: +१. सुरुवातीला ताकद वाढते ती स्नायूंपेक्षा मेंदू नि नसा ती हालचाल शिकतात म्हणून, त्यामुळे पहिले काही आठवडे भारी वाटतं आणि मग सगळं थंड, तिथेच बरीच जनता गळते (जिमवाल्यांचं फावतं). प्रोटीन किती घेतोस? शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास पुरे, पावडरचे डबे नको रिचवू.

प्रश्नकर्ता: एवढं नाही होत बहुतेक. झोपही जेमतेम पाच तास.

उत्तर: मग झोपेचं बघ रे बाबा! मला तर सगळ्यात मोठा फरक जिना चढताना जाणवला, फोटोत कुठे दिसतोय तो. आणि दीड-दोन महिन्यांनी एक आठवडा हलकं घेत जा, सांध्यांनाही सुट्टी लागते.