परदेशात रंगवलेली पुतळी 'इंग्लिश' कशी?

मातीवेडी:
इंग्लंडच्या स्टोक या कुंभारकामाच्या शहरातला, बर्स्लेम भागातला रॉयल डोल्टन या चिनी मातीच्या कंपनीचा नाईल स्ट्रीटचा कारखाना 2005 मध्ये बंद पडला आणि तिच्या शोभेच्या पुतळ्यांचं काम इंडोनेशियात गेलं. नाव तेच, किंमतही चढीच. माझं म्हणणं, ही इंग्लिश पुतळी नव्हे. माझ्याकडे जुनी फुगेवाली म्हातारी आहे, लेस्ली हॅराडाइनची 1929 ची घडण, क्रमांक एचएन 1315. उलटी केली की तळाच्या कंपनीच्या शिक्क्याशेजारी रंगवणाऱ्या बाईची आद्याक्षरं दिसतात, ब्रशने घाईत ओढलेली.

खापर:
आद्याक्षरं आहेत, पण नाव कुणाला माहीत आहे? हॅराडाइन लक्षात राहिला. 'एचएन'मध्ये रंगखात्याचा प्रमुख हॅरी निक्सन राहिला. तिचं काय? इंडोनेशियातली बाईही हातानेच गाल रंगवते. पासपोर्ट बघून हाताची किंमत ठरवायची का?

मातीवेडी:
तिचा हात मी कमी लेखत नाही. शिक्क्यात तिचा देश ठळक लिहा, एवढंच. पण स्टोकमध्ये जे गेलं ते नुसतं रंगकाम नव्हतं. बोन चायना म्हणजे या पुतळ्यांची पांढरी माती, तिच्यात निम्मी हाडांची राख. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतायची. डोकं, हात, टोपली वेगळी काढून त्याच मातीच्या लगद्याने जोडायची. भट्टीत सगळं सुमारे एक अष्टमांश आकसतं, म्हणून पुढे आलेल्या हाताला टेकूही त्याच मातीचा लागतो, तोही बरोबरीने आकसला पाहिजे! ही नजर शेजारी बसून येते. एका गावात पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं ते शहाणपण कंटेनरमधून पाठवता येत नाही.

खापर:
त्याच गावात लोकांची फुप्फुसंही गेली, तेही लिहा ना. पहिल्या भाजणीत बोन चायना वाकू नये म्हणून ती गारगोटीच्या भुकटीत बसवत. त्या धुळीच्या आजाराला तिथे 'पॉटर्स रॉट' म्हणत. पुढे गारगोटीऐवजी कमी घातक अशी अॅल्युमिनाची भुकटी आली. जुनं ते सोनं म्हणताना हे विसरू नये.

मातीवेडी:
मान्य, हे मी लिहायला हवं होतं. पण मग मुद्दा उलट पक्का होतो. ज्यांनी इतकं सोसलं, त्यांच्या गावाच्या नावावर दुसरीकडचा माल विकू नये.

स्टोककर:
मी इथेच स्टोकमध्ये राहतो. इथल्या लाँगटन भागातल्या ग्लॅडस्टन या कुंभारकामाच्या संग्रहालयात बोन चायनाची फुलं हाताने करताना पाहिली. तळहातावर मातीची गोळी दाबली की पाकळी, आणि अशा पाकळ्या एकीभोवती एक. शिक्क्यावर भांडण्याआधी ते हात शिकवायला कुणी उरलेत तोवर शिकणारे पाठवा.

खापर:
याला माझा पाठिंबा. शिक्क्याचं मात्र अजून पटलं नाही.