चॅटनूगा (टेनेसी): दोन दिवस, सोबत आई-बाबा, भिंतींवरची चित्रं बघायची आहेत

मिरजकर_अटलांटात

नमस्कार मंडळी,

आई-बाबा मिरजेहून आमच्याकडे अटलांटाला आले आहेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना दोन दिवस चॅटनूगाला न्यायचा विचार आहे. इथून जेमतेम दोन तासांचा रस्ता, पण सहा वर्षांत आमचं जाणं झालेलं नाही.

ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच यादी दिली: रॉक सिटी, रूबी फॉल्स, मत्स्यालय, परत. यादी चांगलीच असणार. पण माझी आई एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवायची. मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवणं, गॅदरिंगचे पडदे रंगवणं, शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर नकाशे काढणं, यातच तिचं नोकरीचं आयुष्य गेलं. इथे अटलांटात बेल्टलाइन नावाच्या पायवाटेवरून फिरताना आम्ही पुढे निघून जातो आणि ती भिंतीला नाक लावून उभी असते. "एवढ्या मोठ्या चेहऱ्याचं प्रमाण कसं सांभाळलं असेल रे?" हा तिचा प्रश्न. चॅटनूगात मोठी भित्तिचित्रं आहेत असं ऐकलंय. कोणत्या भागात जावं, कुठून सुरुवात करावी?

आईचा उजवा गुडघा दुखतो. सपाटीवर किलोमीटरभर चालते, पायऱ्या जड जातात. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत, त्यांना गाड्या आणि इतिहास दोन्ही हवं. दोघंही शाकाहारी.

टेनेसीवाला

मी नॅशव्हिलला असतो, दरवर्षी एक चक्कर होतेच. गुडघ्यापुरतं सांगतो. रॉक सिटीत दगडांच्या फटींमधून अरुंद वाटा आणि पायऱ्या आहेत, आईंना त्रास होईल. रूबी फॉल्सला लिफ्टने खाली उतरता येतं, पण पुढे गुहेतून बरंच चालावं लागतं आणि तोच रस्ता परत. १४५ फुटांचा धबधबा डोंगराच्या पोटात कोसळताना बघायला मिळतो हे खरं, तरी त्यांच्यासाठी आग्रह धरणार नाही.

त्याऐवजी पायथ्याच्या सेंट एल्मो भागातून लुकआउट माउंटनवर जाणारी इन्क्लाइन रेल्वे घ्या. १८९५ पासून चालू आहे, बसल्या जागी वर पोचता. शेवटचा चढ ७२.७ टक्के आहे, म्हणजे शंभर फूट पुढे गेलात की जवळपास त्र्याहत्तर फूट वर. बाबा खूश होतील.

तुम्ही अटलांटाहून येताय म्हणून घड्याळ बदलायला नको. आमच्याकडून गेलं की एक तास पुढे जातो आणि दर वेळी कुठलं तरी तिकीट हुकतं.

नदीकाठ

तुमच्या आईंबद्दल वाचलं आणि लॉग-इन करून लिहायला बसले. आम्ही चॅटनूगात सात वर्षं होतो. नवरा चाकणच्या फोक्सवॅगनमधून तिथल्या कारखान्यात आला होता. आता आम्ही दुसरीकडे आहोत, पण ते गाव मनातून गेलेलं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी दुसरीकडे कुठेही न जाता थेट एम. एल. किंग बुलेवार्डवर जा. तिथे टेलिफोन कंपनीची एक अवाढव्य इमारत आहे, बहुतेक सगळी कोरी भिंतच. २०१५ साली मेग सॅलिगमन या चित्रकर्तीने आणि तिच्या चमूने ती चारही बाजूंनी रंगवली. ४२ हजार चौरस फुटांहून जास्त. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळजवळ ३९ गुंठे, एकराला थोडंसंच कमी. मी तेव्हा त्याच रस्त्याने मुलीला पाळणाघरात सोडायला जायचे. आठवड्यागणिक भिंतीतून माणसं वर यायची. आधी नुसते रंगाचे डाग, मग हात, मग एक दिवस अचानक कुणीतरी आपल्याकडे बघत असायचं.

चित्राचं नाव मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणातून घेतलंय. अर्थ असा, की 'तोवर आमचं समाधान होणार नाही'. 'तोवर' म्हणजे कधीपर्यंत, ते चित्राच्या नावात नाही. आईंना हे तिथे पोचण्याआधी सांगा. आणि त्याच भाषणाच्या शेवटी किंग यांनी जिथून स्वातंत्र्याचा नाद घुमू दे म्हटलं त्या डोंगरांत टेनेसीचा लुकआउट माउंटनही आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या डोंगरावर चढाल तोच.

गाडी जवळ लावून इमारतीला सावकाश एक फेरी घाला. चारही रस्ते सपाट आहेत. माझं मत विचाराल तर आधी पलीकडच्या फुटपाथवरून पूर्ण भिंत बघा आणि मग जवळ जा. जवळून नुसते रंगाचे पट्टे दिसतात, दहा पावलं मागे आलं की गाल दिसतो. तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर त्या दहा पावलांत आहे असं मला नेहमी वाटायचं, त्यांना काय वाटतं ते नक्की कळवा.

हा रस्ता म्हणजे पूर्वीचा नाइन्थ स्ट्रीट. कृष्णवर्णीय लोकांची दुकानं, हॉटेलं, गाण्याच्या जागा इथेच होत्या, लोक त्याला 'बिग नाइन' म्हणायचे. ब्लूज गाणारी बेसी स्मिथ याच गावची. लहानपणी भावाच्या गिटारवर चॅटनूगाच्या रस्त्यांवर गाऊन पैसे मिळवायची. तिच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आणि संग्रहालय याच रस्त्यावर आहे, तासभर ठेवा. भिंत बघून लगेच तिथे गेलात तर भिंतीवरची माणसं कोणत्या वस्तीची ते समजतं. नुसतं फोटोपुरतं थांबून निघून जाणारे फार बघितलेत मी, त्याचं वाईट वाटतं.

दुपारी नदीवर. वॉलनट स्ट्रीट ब्रिज, निळा लोखंडी पूल, १८९१ चा. १९७८ मध्ये गाड्यांसाठी बंद झाला, पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. गावातल्या लोकांनी तो वाचवला आणि १९९३ पासून तो फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. लांबी २,३७६ फूट, म्हणजे पाऊण किलोमीटरच्या आत. लाकडी फळ्या, उतार सौम्य, मध्ये बसायला बाक. तुम्ही त्यांना दक्षिणेच्या टोकाला सोडा आणि गाडी घेऊन पलीकडे कूलिज पार्कला जा, म्हणजे आईंना एकदाच चालावं लागेल. पार्कात १८९४ चं लाकडी घोड्यांचं चक्र आहे. जवळच फ्रेझर अव्हेन्यूच्या फुटपाथमध्ये पितळी पावलं बसवली आहेत, नाचाच्या पदन्यासांची. मुलगी आणि मी त्यावर पाय ठेवून नाचायचो.

पण पुलावर पाऊल टाकण्याआधी दक्षिणेच्या टोकाशी थांबा. तिथे एड जॉन्सनचं स्मारक आहे. त्याबद्दल घाईत लिहायचं नाही, विचाराल तर सविस्तर लिहीन.

दुसऱ्या दिवसासाठी मोंटेग्यू पार्कचं शिल्पांचं मैदान. ३३ एकर मोकळं गवत आणि त्यावर पोलादाची उंचच उंच शिल्पं. पूर्वी तिथे गावाचा कचरा टाकत. ऑक्टोबरच्या उन्हात संध्याकाळी चार नंतर जा, सावल्या लांब होतात तेव्हा शिल्पं दुप्पट दिसतात.

मिरजकर_अटलांटात

नदीकाठताई, मनापासून आभार. गुंठ्यांचा हिशेब बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले, "म्हणजे आपल्या मळ्यापेक्षा मोठं चित्र!"

एड जॉन्सनबद्दल लिहाच. आई हळवी आहे, तिला तयारीनिशी न्यायचं की टाळायचं ते ठरवता येईल.

नदीकाठ

टाळू नका.

१९०६ मध्ये एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणावर एका गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केल्याचा खटला झाला. पुरावा कच्चा होता, शिक्षा फाशीची. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन कृष्णवर्णीय वकिलांनी ते प्रकरण थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयात नेलं आणि न्यायालयाने फाशी थांबवली. ती बातमी गावात आली त्या रात्री, १९ मार्चला, जमावाने त्याला तुरुंगातून ओढून काढलं आणि याच पुलावर फाशी दिली. तुरुंगाची राखण ज्याने करायची त्या शेरीफवर आणि इतर काहींवर सर्वोच्च न्यायालयाने स्वतः खटला चालवला. त्या न्यायालयाच्या इतिहासात असा फौजदारी खटला तेवढा एकच. १९०९ मध्ये शेरीफ दोषी ठरला. दोन्ही वकिलांना मात्र गाव सोडावं लागलं. जॉन्सनची शिक्षा स्थानिक न्यायालयाने रद्द केली ती २००० साली. त्याच्याआधी १८९३ मध्ये आल्फ्रेड ब्लाउंट या माणसालाही याच पुलावर मारलं होतं.

स्मारक २०२१ मध्ये झालं. शिल्पकार जेरोम मेडोज. जॉन्सन आणि त्याचे दोन वकील, तिघांचे ब्राँझचे पुतळे.

आम्ही राहत होतो तेव्हा हे स्मारक नव्हतं. वर्षानुवर्षं मी मुलीची बाबागाडी त्या पुलावरून ढकलली, तिथे तिचे वाढदिवसाचे फोटो काढले, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तो पूल मी मनात परत एकदा चालून गेले. आता गेले की आधी तिथे थांबते, नावं वाचते आणि मगच पुलावर जाते. तुमच्या आईंनी आयुष्यभर मुलांना बघायला शिकवलंय, त्या बघतील.

याच काठावर मत्स्यालयाजवळ 'द पॅसेज' आहे. पायऱ्यांवरून पाणी नदीकडे वाहतं आणि भिंतीवर चेरोकी या इथल्या मूळ रहिवासी जमातीच्या कलाकारांनी केलेल्या सात मोठ्या चकत्या बसवल्या आहेत. हा धक्का म्हणजे रॉसेस लँडिंग. १८३८ मध्ये चेरोकी लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून पश्चिमेला पाठवलं, त्यातल्या कित्येकांना इथून. उन्हाळ्यात पोरं त्या पाण्यात खेळतात. पायऱ्या असल्या तरी वरच्या कठड्यावरून बरंच दिसतं.

बाबांसाठी एक राहिलंच. टेनेसी व्हॅली रेलरोड म्युझियम. साधारण तासाभराची फेरी असते, मिशनरी रिजच्या बोगद्यातून जाते, तो बोगदा १८५८ चा. पलीकडच्या टोकाला इंजिन फिरवायचं टर्नटेबल आहे आणि ते आपल्यासमोर फिरवून दाखवतात. वाफेचं इंजिन कोणत्या दिवशी जोडतात ते आधी बघून घ्या. बार्शी लाइट ही नॅरोगेज गाडी पाहिलेल्या मिरजकराला हे चुकवू देऊ नका. 'चॅटनूगा चू-चू' या नावाने ओळखलं जाणारं जुनं रेल्वे स्टेशन, १९०९ चं, मुख्यतः बाहेरून आणि घुमटाखालून बघायचं. १९७० मध्ये तिथली गाडी बंद झाली. अर्धा तास पुरे.

मक्याच्या_कण्या

जेवणाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दक्षिणेतल्या साध्या खानावळीत 'व्हेजिटेबल प्लेट' मिळते, ती बघून भुलू नका. घेवड्याच्या शेंगा, कॉलर्डची पालेभाजी, वाल हे बऱ्याचदा डुकराचं मांस घालून शिजवतात. ताटात तुकडा दिसत नाही, रस्सा मात्र त्याचाच असतो. प्रत्येक भाजीचं वेगळं विचारा. ग्रिट्स म्हणजे आपल्या मक्याच्या कण्या, लोणी घालून गरम खाल्ल्या की आईंना घरचं वाटेल, पण पाण्यात शिजवल्यात की मांसाच्या पाण्यात तेही विचारा. तळलेली भेंडी, हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप आणि कॉर्नब्रेड यांचं तसंच, कशात तळलंय ते विचारून घ्या. मूनपाय हे मार्शमॅलो भरलेलं गोड बिस्किट चॅटनूगाचं, १९१७ पासूनचं, पण त्यात जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून करतात.

टेनेसीवाला

चित्रांचा विषय आहे तर रस्त्यावरचं एक राहिलं. १९३० च्या दशकापासून रॉक सिटीने शेतकऱ्यांच्या कोठारांची छपरं रंगवायला सुरुवात केली: काळ्या छपरावर पांढऱ्या अक्षरांत 'सी रॉक सिटी'. शेतकऱ्याला कोठार फुकटात रंगवून मिळायचं. क्लार्क बायर्स नावाच्या एका रंगाऱ्याने १९ राज्यांत अशी जवळपास ९०० छपरं रंगवली, अक्षरं हातानेच. आपल्याकडे हायवेलगतच्या घरांवर बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती रंगवतात ना, तोच प्रकार. थोडी अजून शिल्लक आहेत. मोठा हायवे सोडून जुन्या रस्त्यांनी या, बाहेर लक्ष ठेवा. अक्षरलेखन शिकवलेल्या बाईंना यातली अक्षरांची अंतरं बघायला आवडतील.

मिरजकर_अटलांटात

काल रात्री परतलो. थोडक्यात लिहितो.

भिंतीपाशी आम्ही चाळीस मिनिटं धरली होती, दोन तास झाले. आईने छत्री उभी धरून एक डोळा मिटून एका हाताच्या पंजाचं माप घेतलं, शाळेत पेन्सिल धरून शिकवायची तसं. मग म्हणाली, "लांबून बघणाऱ्यासाठी काढलंय, जवळच्यासाठी नाही. म्हणून जमलंय." ताई, तुमची दहा पावलं तिला पटली. बेसी स्मिथच्या संग्रहालयातून निघून ती परत एकदा भिंतीकडे गेली, ते मात्र आमच्या वेळापत्रकात नव्हतं.

स्मारकापाशी मी वाचून अर्थ सांगितला. बाबांनी चप्पल काढून हात जोडले. आई पुलाच्या मधल्या बाकावर बसून राहिली, फारसं बोलली नाही.

ग्रिट्स बाबांनी दोनदा मागवले. टर्नटेबल फिरताना ते चालकाशी मराठीतच बोलत होते आणि तो उत्तरं देत होता.

'सी रॉक सिटी'चं कोठार एक सापडलं, रंग बराच उडालेला. आईने त्याचं आणि पुलाचं वहीत स्केच केलंय. फोटो चढवताना अडचण येतेय, जमलं की इथेच टाकतो.