झिम्मा-फुगडीची फिल्म करायची हाय, दारू दुकानाविरुद्ध. कुणी केलंय काय असलं?

मलप्रभाकाठ:
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावातनं लिहायलोय, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. आमच्या गल्लीतल्या बायका पंचमीला आणि गौरीला झिम्मा-फुगडी खेळतात त्यात नवीन काय नाही, पण अलीकडं त्यांनी गाण्यात शाळेजवळचं दारू दुकान घातलंय. चाल तीच जुनी, फक्त सासू-नणंदेच्या जागी दुकानदार आणि अबकारीचे साहेब. एक काकू फुगडीला उभ्या राहिल्या की उखाणा टाकतात, "शाळेच्या वाटंला बाटल्यांची रास, मास्तर म्हणतात मोजा, पोरं झाली पास!" बायका हसून लोळतात आणि कट्ट्यावरची गडीमाणसं हळूच उठून जातात. २००७ ला कर्नाटकात सारायी, म्हणजे देशी दारू, बंद झाली तेव्हा गावाला वाटलं सुटलो, पण पिणारे विस्कीच्या स्वस्त पाकिटावर आले, एवढाच काय तो फरक. महाराष्ट्रात निदान दुकान बंद करायला आडवी बाटलीचं मतदान तरी मागता येतं, आपल्याकडं अर्ज द्या आणि हेलपाटे घाला.
तर ह्याची पंधरा-वीस मिनिटांची फिल्म करावी असं डोक्यात हाय. पैसे नाहीत, फोन हाय, ट्रायपॉड मित्राचा, प्रोजेक्टर मंडळाचा. नाच किती ठेवायचा, मुलाखती किती घ्यायच्या, का सरळ नाटकच बसवायचं? आणि परवानगीचं काय?

कटिंगवाला_बेळगाव:
मी लग्नाचे व्हिडिओ कापतो त्यामुळं नाचाचं जरा कळतं. पहिलं म्हणजे फुगडीचे तुकडे करू नको. सगळे काय करतात, मुलाखत चालू असते आणि मधेमधे दोन-दोन सेकंद नाच चिकटवतात, मग बघणाऱ्याला वाटतं बायका मजा करायल्यात आणि मुद्दा दुसरीकडंच चाललाय. तुझा मुद्दा त्या उखाण्यातच हाय की! पाय जमिनीवर रोवले, हात धरले, फिरत फिरत वेग वाढला, मग पकवा सुरू झाला, तो फूऽ फूऽ आवाज, आणि शेवटी एकीचा हात सुटून दोघी हेलपाटत हसत बाजूला, हे सगळं एकाच शॉटमधे येऊ दे. कॅमेरा कमरेच्या उंचीला, पाय फ्रेममधे पाहिजेतच. त्यांच्याबरोबर गरगर फिरत शूट करायचा मोह होतो, तो आवर, बघणाऱ्याला चक्कर येते.
रात्री खेळणार असतील तर ट्यूबलाइट-हॅलोजनखाली व्हिडिओ लपलप करतो, त्यासाठी मॅन्युअल मोडचं ॲप घे, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेव, आपली लाइट ५० हर्ट्झची असते म्हणून. आवाजाला दुसरा फोन, गाणं सांगणारीच्या जवळ कुणाच्या तरी पदरात ठेवायला सांग, सुरुवातीला एक टाळी वाजव म्हणजे नंतर जुळवता येतं. लांब शॉट असेल तर फोनचा फ्रेमरेट मागंपुढं होऊन आवाज सरकतो, आधी एकसारख्या फ्रेमरेटला कन्व्हर्ट करून घे नाहीतर रात्रभर बोंबलत बसशील. आणि खालनं म्युझिक घालू नको बाबा, हात जोडतो. बायकांच्या टाळ्यांचा ठेका असताना कीबोर्ड कशाला.

वखारवालीची_नात:
नाटक का मुलाखत म्हणून विचारलास म्हणून सांगते. आमच्या निपाणीत हे काम ४० वर्षांमागं झालंय. युगांतर नावाचा ग्रुप होता, दीपा धनराज, अभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्याला नवरोज कॉन्ट्रॅक्टर. १९८१ ला त्यांनी पुण्याच्या मोलकरणींवर फिल्म केली आणि १९८२ ला निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवर. माझी आजी वखारीत होती, घरात आली की साडीला तंबाखूचा वास, आम्हा पोरांना शिंका यायच्या, म्हणून ती फिल्म मला जवळची. पण तुझ्या कामाचं वेगळंच. ती माणसं आली आणि लगेच कॅमेरा चालू केला असं झालं नाही, चार महिने बायकांचं ऐकत बसली. संघटना कशी उभी राहिली ते बायकांनी स्वतः सांगितलं, काही प्रसंग स्वतःच करून दाखवले. त्यामुळं नाटक का डॉक्युमेंटरी हा प्रश्नच राहत नाही बघ. काकूंनाच विचार की अबकारीच्या ऑफिसात तुमच्याशी कसं बोलले, करून दाखवा. साहेबाचं काम कोण करणार यावरनंच भांडण लागेल आणि तेसुद्धा शूट कर.

उगाच_कशाला:
मला हे पटत नाही, राग मानू नका. वन बिलियन रायझिंग म्हणून २०१३ पासनं १४ फेब्रुवारीला जगभर बायका चौकात नाचतात, हिंसेविरुद्ध. चांगलं हाय, मी नाही म्हणत नाही. पण आता सगळ्याचं रील होतं, लाइक पडतात आणि दुकान दुसऱ्या दिवशी नऊला उघडतं. आणि ज्या बाईनं नवऱ्याच्या दारूबद्दल कॅमेऱ्यावर सांगितलं तिला रात्री त्याच घरात जायचं असतं. फिल्म करणारा बक्षीस घेऊन फोटो टाकतो. भावा, तू पोरगा हायस, उद्या बेंगळूरला नोकरीला जाशील.

मलप्रभाकाठ:
@उगाच_कशाला तुमचं शेवटचं वाक्य लागलं पण खरं हाय. दारू पिणाऱ्या नवऱ्याचं काही कॅमेऱ्यावर विचारायचंच नाही असं ठरवायलोय, गाण्यात जे त्या स्वतः चारचौघांत म्हणतात तेवढंच. बाकी रील करायचं नाहीच, मला पहिला शो शाळेच्या पटांगणात पाहिजे, पडद्याला धोतर चालेल.

वखारवालीची_नात:
मग कॅमेरा बायकांतल्याच एखाद्या पोरीच्या हातात दे की, तू आवाज सांभाळ. तू समोर असलास तर काकू पदर सावरत बसणार.

कायदा_थोडाथोडा:
परवानगीचं थोडक्यात. जाहीर प्रदर्शनाला सिनेमॅटोग्राफ ॲक्ट १९५२ खाली सर्टिफिकेट लागतं. फेस्टिवलला पाठवलास तर सेन्सॉरमधनं सूट बहुतेक फेस्टिवलवालेच मागून घेतात. पटांगणात दाखवणार तर शाळेचं आणि पंचायतीचं लेखी घे, स्पीकर रात्री दहाच्या आत बंद. दुकानाची पाटी, दुकानदाराचा चेहरा आणि नाव फिल्ममधे नको, बदनामीची नोटीस आली तर तुमचा सगळा वेळ त्यातच जाणार. लहान पोरं दिसणार असतील तर आईबापाची सही. आणि बायकांची संमती दोनदा घ्यायची, एकदा शूटच्या आधी आणि एकदा कापून झाल्यावर फक्त त्यांनाच दाखवून. तेव्हा कुणी नको म्हणाली तर तो भाग काढायचा, वाद घालायचा नाही.
अजून एक, सबटायटल कन्नडमधे घालच. अर्ज ज्याच्या टेबलावर जाणार तो साहेब कन्नड वाचणार. शिवाय तुमच्या स्त्रीशक्ती संघात, म्हणजे बायकांच्या बचत गटात, कन्नड बोलणाऱ्या बायका असतीलच, त्यांना उखाणा कळला पाहिजे.

कटिंगवाला_बेळगाव:
त्या "पास" चं कन्नड कसं करणार पण? यमक पाहिजे हं, नाहीतर उखाण्याची मजा गेली.

मलप्रभाकाठ:
संघात एक अक्का हाय, घरी कन्नड, आमच्यात मराठी. तिला कालच सांगितलं तर ती म्हणाली भाषांतर कशाला, मी कन्नडमधे वेगळाच घेतो, त्याच फुगडीत. मग दोन्ही ठेवायचे आणि सबटायटल उलटसुलट. पंचमी जवळ आलीय, मॅन्युअल मोडचं फुकट ॲप कुठलं चांगलं तेवढं सांगा, माझा फोन जुना हाय.