फाउचींच्या व्हिडिओवरून ग्रुपवर झालेली चर्चा

सुनंदाताई, बी-३०२: काल रात्री तो कोविडवरचा विनोदी व्हिडिओ ग्रुपवर कोणी टाकला? ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना काय वाटेल याचा विचार नको? वर हसरे चेहरे टाकणारे वेगळेच.

मकरंद, सी-१०४: ताई, मी टाकला. दुखवायचा हेतू नव्हता. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकन विनोदी कार्यक्रमाचा आहे, २५ एप्रिल २०२० चा. शेवटपर्यंत बघितलात का?

सुनंदाताई: आजारपण हा हसण्याचा विषयच नाही.

मकरंद: आजारावर हसलेच नाहीयेत ते. ब्रॅड पिट डॉ. फाउची झालाय, म्हणजे अमेरिकन सरकारचे तेव्हाचे साथरोगतज्ज्ञ. ट्रम्प यांच्या खऱ्या क्लिप लावतो आणि साहेबांना नेमकं काय म्हणायचं होतं ते सावरून सांगायला बघतो. दोनच दिवस आधी ट्रम्प पत्रकार परिषदेत जंतुनाशक शरीरात टोचण्याबद्दल बोलले होते! त्यावर हसायचं नाही तर कशावर?

वैशाली, ए-२०१: शेवटी तो विग काढतो आणि खऱ्या फाउचींचे, दवाखान्यात राबणाऱ्यांचे नीट आभार मानतो. मी तेव्हा कोविड वॉर्डला होते. मला रडू आलं.

शिरीष, डी-५०४: वहिनी, समोर ब्रॅड पिट म्हटल्यावर रडू येणारच 😄

वैशाली: शिरीषभावजी, प्रत्येक ठिकाणी नको.

रानडे सर, ए-४०३: माझा साधा प्रश्न. सरकारी आरोग्य यंत्रणेची टर उडवली तर लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडत नाही का?

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे 🙏

शिरीष: मग रोज सकाळी सुविचार कोण टाकतं हो?

सुनंदाताई: लांब बसून विनोद करायला काय जातंय?

मकरंद: ताई, त्यांचंही माणूस गेलं होतं. हॅल विल्नर, कित्येक वर्षं त्यांच्या स्किटचं संगीत बघायचे. ७ एप्रिलला गेले, लक्षणं कोविडचीच होती. ११ तारखेच्या भागात सगळ्यांनी आपापल्या घरून त्यांच्या आठवणी सांगितल्या. त्या दिवशी सूत्रसंचालन टॉम हँक्सकडे होतं, ते स्वतः नुकते कोविडमधून उठलेले.

रानडे सर: वरचा प्रश्न पुन्हा टाकतो, कोणी उत्तर दिलं नाही. विश्वास उडत नाही का?

अभिजीत, बी-१०१: सर, २०१४ चा इबोला घ्या. डॅलसमध्ये एक रुग्ण दगावला, दोन नर्सना लागण झाली, दोघी बऱ्या झाल्या. इबोला हवेतून पसरत नाही, रुग्णाच्या रक्ताचा, उलटीचा वगैरे संपर्क यावा लागतो. तरी अमेरिकाभर घबराट. तेव्हा याच कार्यक्रमाने रॉन क्लेन यांची टर उडवली, कारण ओबामांनी इबोलासाठी समन्वयक म्हणून नेमलेला हा माणूस डॉक्टर नव्हता, वकील होता. टोमणा नेमणुकीला होता, रुग्णाला नव्हे.

रानडे सर: आणि त्याच साथीत पश्चिम आफ्रिकेत ११ हजारांवर माणसं गेली, त्यांच्यावर स्किट कोणी केलं? शिवाय विनोद लोक खरा मानतात. ब्रिटनमध्ये ‘ब्रास आय’ या उपहासात्मक टीव्ही कार्यक्रमाने १९९७ साली दाखवलेल्या भागासाठी ‘केक’ नावाचं खोटंच ड्रग रचलं आणि डेव्हिड एमिस या खासदारांनी त्यावर संसदेत प्रश्न विचारला!

वैशाली: सर, त्या कार्यक्रमाला तेच तर दाखवायचं होतं. नामवंत मंडळी काहीही न तपासता कॅमेऱ्यासमोर इशारे देत होती. आम्हाला वॉर्डात फॉरवर्ड दाखवून विचारायचे, हे प्यायलं की बरं होतं ना? एका आजोबांनी फोन माझ्या हातात देऊन मोठ्याने वाचायला लावला होता. अशा मेसेजची कोणी जाहीर खिल्ली उडवली असती तर माझं काम हलकं झालं असतं. त्या आजोबांची मात्र कोणी उडवू नये.

रानडे सर: मान्य. पण विश्वासाचा प्रश्न राहिलाच.

वैशाली: राहिला सर. ज्यांनी धादांत चुकीचं सांगितलं त्यांच्यावरचा उडायलाच हवा, फाउचींवरचा त्या व्हिडिओने उडाला नाही.

सुनंदाताई: वैशाली, तू तेव्हा काय काम केलंस ते मी विसरलेले नाही. पण मकरंद, असलं काही टाकशील तेव्हा वर एक ओळ लिही, कशाबद्दल आहे ते. आमच्या ह्यांच्या नंतर कोविड हा शब्द अचानक समोर आला तरी रात्र जाते माझी.

मकरंद: लिहीन ताई. नक्की.