एकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) पंपिंग ६०% आहे, तरी आईचे पाय का सुजतायत?

जोडवी_रुततात
आई ६६ वर्षांची, बीपी बारा वर्षं झाली, शुगर पण आहे. दिवाळीपासून दोन्ही पाय सुजतायत, सकाळी जरा बरे असतात पण संध्याकाळपर्यंत जोडवी रुतायला लागतात, परवा तर साबण लावून काढावी लागली. नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. आम्ही म्हटलं दिवसभर ओट्याशी उभी असते म्हणून होत असेल, पण आता रात्री दोन उशा लागतात, आडवं झालं की घुसमटतं म्हणते. टूडी एकोत ईएफ (पंपिंगचा आकडा) ६०% आलाय. मामा (त्याचं मेडिकल आहे) म्हणतो पंपिंग झकास आहे, किडनी बघा. डॉक्टर म्हणाले हार्ट फेल्युअर आणि लघवीची गोळी चालू केली. फेल्युअर ऐकल्यापासून आई धड जेवत नाहीये. कोणाचं खरं मानायचं?

रात्रपाळी
कार्डिअ‍ॅक आयसीयूत नर्स आहे. आधी आईंना सांगा की फेल्युअर म्हणजे हार्ट बंद पडत नाहीये, त्याला काम झेपेनासं झालंय. आता ६०% चं बघा. डाव्या कप्प्यात जेवढं रक्त भरलं त्यातलं किती बाहेर गेलं एवढंच तो आकडा सांगतो, भरताना किती जोर लागला ते नाही. वर्षानुवर्षं बीपी असलं की भिंत जाड आणि कडक होते, मग नवीन फुगा फुगवताना सुरुवातीला कसा गाल दुखेपर्यंत जोर लागतो तसं आत प्रेशर चढतं, ते मागे फुफ्फुसात जातं म्हणून आडवं झाल्यावर दम, आणि तिथून उजव्या बाजूवर लोड आला की पायात पाणी. याला हेफपेफ म्हणतात, म्हणजे पंपिंग ठीक असूनही होणारं फेल्युअर, फेल्युअरचे साधारण निम्मे पेशंट यातलेच. रिपोर्टमध्ये खाली डायस्टोलिक डिसफंक्शन (हार्ट नीट सैल होऊन भरत नाही) लिहिलंय का बघा. मामांचंही अगदीच चूक नाही हं, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, अल्ब्युमिन, थायरॉइड हे बघायलाच हवं.

पेन्शनर_काका
बीपीची गोळी कुठली चालू आहे? माझे घोटे अम्लोडिपिनने सुजायचे, हार्ट ठणठणीत होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, सूज उतरली. आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

खानदेशी
आमच्या भावाचं वेगळंच निघालं. वय ३४, बीपी नाही काही नाही, आधी पोट फुगलं मग पाय. सगळे म्हणे लिव्हर, दारू पितो का, आणि हा तर माळकरी! ईएफ त्याचाही नॉर्मल. शेवटी एका डॉक्टरांनी बसवून मानेची शीर बघितली, फुगलेली होती. जुन्या टीबीने हार्टवरचं आवरण करवंटीसारखं कडक झालेलं, ऑपरेशन करून सोलून काढलं.

जोडवी_रुततात
रिपोर्ट परत काढला, ग्रेड २ डायस्टोलिक डिसफंक्शन लिहिलंय, आम्ही वरचा आकडाच बघत बसलो होतो. आणि गुडघ्यासाठी ती रोज डायक्लोफिनॅक (दुखण्याची गोळी) घेते, मामानेच दिलेली 😐

रात्रपाळी
अहो मग ते आजच फोन करून डॉक्टरांना सांगा! ती गोळी शरीरात पाणी आणि मीठ धरून ठेवते, किडनीवरही ताण, एकीकडे लघवीची गोळी आणि दुसरीकडे हे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा, तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवा. पापड, लोणचं, फरसाण बंद. सैंधव चालेल असं कोणी सांगेल, तेही मीठच आहे. आणि एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते, त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी दम लागला तर थेट कॅज्युअल्टी.

जोडवी_रुततात
डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी बंद केली, पॅरासिटामॉल दिलीय. वजन सोमवारी ७१.४ होतं, आज ६९.६. काल एका उशीवर झोपली. लोणच्याची बरणी मामाकडे पोचवलीय, त्यावरून मात्र दोन दिवस अबोला आहे.