मदत हवी आहे: रिसेप्शनच्या बारची सजावट (तातडीने)

माडाखाली_निवांत: चुलतभावाचं रिसेप्शन आहे, बार काउंटरची सजावट माझ्या गळ्यात पडलीये. बजेट कमी. डेकोरेटरने सांगितलेल्या आकड्यात जुनी स्कूटर येईल. नेटवरचे फोटो बघून झालेत, प्रत्यक्ष जमेल असं सांगा. लवकर.

खाडीपल्याड: तारीख? हॉल की उघड्यावर? कमी म्हणजे पाच हजार की पन्नास?

माडाखाली_निवांत: मालवणात, घराच्या खळ्यात. पुढचा रविवार. कमी म्हणजे कमी.

सुरंगीवेडी: सुरंगीचे वळेसर सोडा काउंटरवरून! वासानेच माणसं जमतील.

खाडीपल्याड: मे महिन्यात सुरंगी? एप्रिलमध्येच संपते. अबोली बघा.

दर्यावर्दी_७: फुलं कशाला? जुनं मासेमारीचं जाळं टाका. फुकट मिळतं.

सुरंगीवेडी: आमच्याकडे टाकलं होतं. धुतलं दोनदा, तरी बांगड्याचा खवला निघाला, तो नेमका नवरीच्या मामीच्या शालूला चिकटला. सासर शाकाहारी.

दर्यावर्दी_७: नीट धुतलं नसणार.

गावचो_बाबलो: मेणबत्ते लावू नको. सांजेचो वारो दर्याकडसून इलो की एक उरणा नाय. लायटीची माळ लाव.

कायद्याचं_बोला: परवाना काढलात का? दारू वाढायची तर राज्य उत्पादन शुल्कचा एक दिवसाचा परवाना लागतो. आणि स्वस्त पडते म्हणून गोव्याची आणू नका, बांद्याजवळ गाड्या तपासतात. तिकडची बाटली इकडे आणणं गुन्हा आहे.

माडाखाली_निवांत: परवाना काकांनी काढलाय. मी सजावट विचारली.

पुणेकर_मूळचा_देवगड: तांब्याच्या हंड्यात सोलकढी ठेवा, फोटोत छान दिसते.

सुरंगीवेडी: आणि पितळेत कोकम सरबत? कल्हई नसेल तर आंबट कळकतं हो. काचेच्या बरण्या घ्या.

खाडीपल्याड: टेबलच वापरताय का? जेवणाचं टेबल अडीच फुटांचं असतं, बारचा काउंटर साडेतीन. वाढणारा रात्रभर कमरेत वाकलेला. चिऱ्यांचे दोन खांब रचा, वर जाड फळी, पुढून माडाच्या झावळ्यांची झापं बांधा. चिरे पावसाळ्याआधी कुठल्याही बांधकामावर उसने मिळतात. आणि खळं सारवलेलं असेल तर बर्फाचा टब थेट जमिनीवर ठेवू नका. आमच्याकडे पाणी गळून तासाभरात शेणाचा चिखल झाला, पाहुणे चपला हातात घेऊन उभे.

दर्यावर्दी_७: जनरेटरचं बघितलंत का? यंदा लाइट फार जाते.

माडाखाली_निवांत: एक राहिलं. पुढे कोकम-सोलकढीचा काउंटर, तो सगळ्यांना दिसायला हवा. खरा बार मागे विहिरीकडे. तो सजवायचा पण आजीला दिसता कामा नये.

खाडीपल्याड: अहो, हे आधी सांगायचं! म्हणजे तुम्हाला सजावट नको, आडोसा हवाय.

कायद्याचं_बोला: परवान्यावर जागा विहिरीची लिहिलीये का?

खाडीपल्याड: विणलेली झापं उभी लावा, आठ-दहा पुरतील. हिरवी लावलीत तर शुक्रवारी बांधू नका, रविवारपर्यंत वाळून कडा वळतात, फटीतून सगळं दिसतं. शनिवारी संध्याकाळी बांधा. आतल्या बाजूने दिवा ठेवू नका, सावल्या पडतात.

माडाखाली_निवांत: हे जमेल. चुडतं परसातच आहेत. प्रश्न एवढाच की वाडीत आता झाप विणता येणारं एकच माणूस उरलंय. आजी.

गावचो_बाबलो: आजयेक सांग, मांडवाक व्हयी म्हणान.